कवीच्या टेबलावरचा अहवाल

सात-आठ वर्षांपूर्वी पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळच्या फूटपाथवर मला कॅनडातल्या इंग्रजी कवितांचं एक जुनं संकलन मिळालं. त्यात डंकन कॅम्पबेल स्कॉट या कवीची ‘द फॉर्सेकन’ नावाची कविता होती. चिप्पेवा जमातीतली एक तरुण आई आजारी तान्हं बाळ घेऊन गोठलेल्या तळ्यावर वादळात अडकली आहे. मासे धरायला गळ आहे, पण त्याला लावायला आमिष नाही. ती स्वतःच्या अंगाचं मांस कापून गळाला लावते आणि बाळाला जगवते. पुढे ती म्हातारी होते, निरुपयोगी ठरते, तेव्हा तिचीच माणसं तिला एका बेटावर सोडून निघून जातात. बर्फ पडत राहतं आणि तिला झाकून टाकतं. कविता मला फार आवडली. आजही आवडते. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून कुणाचा वेगळा समज होऊ नये.

पुस्तकाच्या शेवटी दोन ओळींचा कविपरिचय होता. त्यात एवढंच होतं की हा गृहस्थ आयुष्यभर ओटावात सरकारी नोकरीत होता. कोणत्या खात्यात, ते दिलेलं नव्हतं. मी ना इतिहासाचा प्राध्यापक ना इंग्रजीचा. नोकरी सांभाळून उरलेल्या वेळात वाचणारा माणूस. पण अशा गाळलेल्या जागा मला स्वस्थ बसू देत नाहीत. शोधलं तेव्हा कळलं की खात्याचं नाव होतं ‘इंडियन अफेअर्स’. कॅनडातल्या मूळ रहिवाशांचा सगळा कारभार पाहणारं खातं. स्कॉट तिथे १८७९ मध्ये सतराव्या वर्षी कारकून म्हणून चिकटला आणि १९१३ पासून १९३२ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्या खात्याचा सर्वोच्च अधिकारी होता, म्हणजे आपल्याकडच्या सचिवासारखा. आईवेगळ्या केलेल्या मुलांच्या निवासी शाळा ज्या काळात सर्वांत घट्ट रुजल्या, तो हाच काळ.

या शाळांबद्दल आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतून २०२१ मध्ये थोडंफार छापून आलं होतं. ‘शाळेच्या आवारात २१५ मुलांचे सांगाडे’ असे मथळे होते. त्या मथळ्यांकडे मी नंतर येणार आहे, कारण ते नेमके नव्हते. आधी मुळाकडे जाऊ.

मूळ रहिवाशांच्या मुलांना घरापासून दूर ठेवून शिकवण्याचे प्रयोग कॅनडात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच सुरू झाले होते. ओंटारिओत ब्रँटफर्डच्या मोहॉक इन्स्टिट्यूटमध्ये १८३० च्या दशकात वसतिगृह सुरू झालं आणि ते थेट १९७० पर्यंत चाललं. तिथे रोज मिळणाऱ्या लापशीवरून मुलांनी त्या जागेला ‘मश होल’ असं नाव ठेवलं होतं. लापशीचं बीळ म्हणा हवं तर. पण सरकारने देशभर अशी व्यवस्था उभी केली ती १८८० च्या दशकात. त्यासाठी १८७९ मध्ये निकोलस फ्लड डेव्हिन या वकील-पत्रकाराला अमेरिकेत पाठवून तिथल्या औद्योगिक शाळांचा अहवाल मागवण्यात आला. त्याने त्या शाळांची भलामण केली. पंतप्रधान जॉन मॅक्डोनाल्ड यांच्याकडेच तेव्हा या खात्याचा कारभार होता. १८८३ मध्ये त्यांनी संसदेत मांडलेला युक्तिवाद साधा होता. शाळा वस्तीतच असली तर मूल संध्याकाळी आईबापांकडे परत जातं, लिहायला-वाचायला शिकतं, पण मनाने तसंच राहतं. म्हणून त्याला आईबापांच्या प्रभावाखालून बाहेर काढलं पाहिजे. त्याच वर्षी बॅटलफर्डला पहिली मोठी औद्योगिक शाळा उघडली.

इथे एक गोष्ट सहसा निसटते. १८७१ पासून कॅनडा सरकारने पश्चिमेकडच्या जमातींशी जे करार केले, त्यांत जमिनीच्या मोबदल्यात राखीव वस्त्यांवर शाळा देण्याचं वचन होतं. म्हणजे शाळा जमातींनाच हवी होती. बायसन संपत आले होते, शिकार तुटली होती आणि गोऱ्यांचा कागद वाचता आला नाही तर आपण टिकणार नाही, हे त्यांच्या म्हाताऱ्यांना कळत होतं. त्यांना शाळा हवी होती ती आपल्या दाराशी. मिळाली ती शेकडो मैल दूर, आणि शिकवण्यापेक्षा मूल तोडणं हे तिचं पहिलं काम होतं.

शाळा उभारायचं आणि पैसे द्यायचं काम सरकारचं, चालवायचं काम चर्चचं, अशी वाटणी होती. निम्म्याहून अधिक शाळा कॅथलिकांच्या, उरलेल्या अँग्लिकन, मेथॉडिस्ट, प्रेस्बिटेरियन पंथांच्या. मूल आलं की आधी केस कापायचे. कित्येक जमातींत केस कापतात ते मयताला, त्यामुळे सहा-सात वर्षांच्या पोराला घरी कुणीतरी गेलं असंच वाटायचं. घरचे कपडे काढून घ्यायचे. नवं नाव द्यायचं आणि पुष्कळ ठिकाणी एक क्रमांक. भाऊ मुलांच्या बाजूला, बहीण मुलींच्या बाजूला. एका इमारतीत राहून महिनोन्‌महिने बोलणं नाही. आपली भाषा तोंडातून निघाली तर मार, उपवास, तोंडात साबण. अर्धा दिवस वर्ग आणि अर्धा दिवस काम: मुलांनी शेत, गोठा, लाकडं, मुलींनी धुणं, शिवण, स्वयंपाक. कागदावर याला व्यवसायशिक्षण म्हणत. प्रत्यक्षात या श्रमाशिवाय शाळा चाललीच नसती, कारण पैसाच तेवढा दिला जात नव्हता.

पैशाची ही रीत मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण क्रौर्य करणारा एखादा पाद्री शोधून आपण मोकळे होतो आणि हिशेबाची वही तशीच राहते. १८९२ पासून शाळांना दरडोई अनुदान मिळू लागलं. जितकी डोकी तितके पैसे. साहजिकच मुख्याध्यापकांची धाव पट भरण्याकडे. वैद्यकीय तपासणी कागदोपत्री असली तरी क्षयाने खोकणारं मूलही भरती करून घ्यायचं, कारण त्याच्या नावावर अनुदान येतं. आणि तेच मूल मग बंद खिडक्यांच्या, दाटीवाटीच्या झोपायच्या खोलीत इतरांच्या शेजारी झोपवायचं. कॅनडाचा हिवाळा लांब. कोळसा वाचवायचा म्हणून खिडक्या महिनोन्‌महिने लावलेल्या. क्षयाला यापेक्षा सोयीची जागा कुणी मुद्दाम बांधली असती तरी सापडली नसती.

हे ज्याने आकड्यांत मांडलं तो डॉक्टर पीटर हेंडरसन ब्राइस. सार्वजनिक आरोग्यातला मोठा माणूस. १९०० मध्ये अमेरिकन पब्लिक हेल्थ असोसिएशनचा अध्यक्ष होता. १९०४ मध्ये त्याला या खात्याचा मुख्य वैद्यकीय अधिकारी नेमलं आणि १९०७ मध्ये त्याने मॅनिटोबा आणि वायव्य प्रांतांतल्या ३५ शाळा पाहिल्या. मुख्याध्यापकांना प्रश्नावली पाठवली: तुमच्याकडे आजवर किती मुलं आली, ती आज कुठे आहेत? १५ शाळांनी उत्तर दिलं. त्यांतल्या १,५३७ मुलांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा मेलेला होता. ज्या एका शाळेने अगदी नेमकी माहिती पाठवली, तिथल्या माजी विद्यार्थ्यांपैकी ६९ टक्के मेले होते. इतर शाळांचं खरं काय असेल, याचा अंदाज ब्राइसला आला असणारच.

अहवाल दाबला गेला, असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं आढळतं. तसं झालं नाही. तो छापला गेला, खासदारांकडे आणि चर्चकडे गेला. त्याच नोव्हेंबरात ओटावाच्या ‘इव्हनिंग सिटिझन’ने तो पहिल्या पानावर दिला. ब्राइसच्या शिफारशी मात्र त्यात छापल्या नव्हत्या. वाचणाऱ्यांनी वाचलं, हळहळ झाली, आणि पुढच्या अंदाजपत्रकात शाळा होत्या तशाच राहिल्या.

त्या वेळी स्कॉट खात्याचा हिशेब सांभाळत होता. दोन वर्षांनी शिक्षण विभाग त्याच्याकडे आला. न्याय करायचा तर हेही सांगितलं पाहिजे की १९१० मध्ये त्याने चर्चशी नवे करार केले, अनुदान वाढवलं, हवा आणि गर्दी यांबद्दल अटी घातल्या. काही काळ मृत्यू थोडे कमीही झाले. पण ब्राइसची खरी मागणी होती की शाळांचं व्यवस्थापन चर्चकडून काढून घ्यावं आणि त्या क्षयाच्या दवाखान्यांसारख्या चालवाव्यात. खर्च प्रचंड होता आणि चर्चचा रोष त्याहून मोठा. ती मागणी बाजूला पडली. १९१३ मध्ये स्कॉट प्रमुख झाला आणि पुढच्याच वर्षी त्याने ब्राइसला कळवलं की तुमच्या वार्षिक वैद्यकीय अहवालांची आता खात्याला गरज नाही.

त्याच सुमारास, १९१४ मध्ये, कॅनडाच्या इतिहासाच्या एका बहुखंडी ग्रंथात स्कॉटने स्वतः एक लेख लिहिला. त्यात तो सांगतो की या शाळांतून गेलेल्या मुलांपैकी निम्मी, मिळालेल्या शिक्षणाचा उपयोग होईपर्यंत जगली नाहीत, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही. हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुन्हा वर जाऊन लेखकाचं नाव तपासलं. ब्राइसचा आकडा चौथ्या हिश्शाचा होता. खात्याचा प्रमुख निम्मी म्हणतो आहे, छापील ग्रंथात, सही करून. माहीत नव्हतं, असं म्हणायला जागाच उरत नाही.

आणि सहा वर्षांनी, १९२० मध्ये, त्याच माणसाने कायदा बदलून घेतला. ७ ते १५ वर्षांच्या मुलांना शाळेत पाठवणं सक्तीचं, न पाठवणाऱ्या आईबापांना शिक्षा, मूल आणायला पोलीस. संसदीय समितीपुढे त्याने हेतूही स्पष्ट केला: कॅनडात वेगळा असा एकही ‘इंडियन’ उरू नये, सगळे मोठ्या समाजात विरघळून जावेत, म्हणजे प्रश्नही उरणार नाही आणि हे खातंही उरणार नाही. १९२७ मध्ये जमातींनी जमिनीच्या दाव्यांसाठी वर्गणी गोळा करून वकील करणंही गुन्हा ठरलं. त्याच वर्षी रॉयल सोसायटी ऑफ कॅनडाने साहित्यसेवेबद्दल स्कॉटला लॉर्न पियर्स पदक दिलं.

या माणसाला राक्षस म्हणणं सोपं आहे. मला ते जमत नाही. १९०७ मध्ये, म्हणजे ब्राइसचा अहवाल आला त्याच वर्षी, स्कॉटची एकुलती एक मुलगी बाराव्या वर्षी वारली. मूल जाणं म्हणजे काय हे त्याला ठाऊक होतं, आणि आईने स्वतःचं मांस कापून मूल जगवल्याची कविता त्याने त्याआधीच लिहिली होती. त्या कवितेकडे पुन्हा पाहिलं की एक दिसतं. त्यातली बाई शेवटी मरते, एकटी, बर्फाखाली, तक्रार न करता. स्कॉटच्या या विषयावरच्या अनेक कवितांत हेच होतं: ही माणसं भव्य आहेत, करुण आहेत आणि मावळत चालली आहेत. जे मावळणारच आहे त्याच्यावर शोकगीत लिहिता येतं. त्याच्यासाठी खिडक्या उघडायला, दूध वाढवायला कुणी अनुदान मागत नाही. हा माझा तर्क आहे, समीक्षक कदाचित मान्य करणार नाहीत.

ब्राइसचं पुढे काय झालं? १९१९ मध्ये नवं आरोग्य खातं निघालं, तिथे त्याला डावललं. १९२१ मध्ये त्याला निवृत्त केलं. पुढच्या वर्षी, सरकारी शपथेतून सुटल्यावर, त्याने ‘एका राष्ट्रीय गुन्ह्याची कहाणी’ अशा नावाची पुस्तिका छापली. किंमत ३५ सेंट. तीही वाचली गेली आणि शाळा आणखी पंचाहत्तर वर्षं चालू राहिल्या.

त्या पंचाहत्तर वर्षांतलं सगळं इथे मांडणं शक्य नाही. १९४८ ते १९५२ या काळात सहा शाळांतल्या जवळपास हजार उपाशी मुलांवर सरकारी आहारतज्ज्ञांनी प्रयोग केले. एका शाळेत मुलांना दूध कमी पडतं हे मोजून झाल्यावरही तुलनेसाठी म्हणून दोन वर्षं तेवढंच दिलं. इयन मॉस्बी या इतिहासकाराने २०१३ मध्ये ते कागद उजेडात आणले. फोर्ट ऑल्बनीच्या सेंट अ‍ॅन्स शाळेत शिक्षेसाठी विजेची खुर्ची होती. लैंगिक अत्याचार किती शाळांत झाले यापेक्षा कुठे झाले नाहीत हे शोधणं सोपं पडेल.

मुलं पळून जायची. १९६६ च्या ऑक्टोबरात चॅनी वेंजॅक नावाचा बारा वर्षांचा ओजिब्वे मुलगा केनोराच्या सेसिलिया जेफ्री शाळेतून निघाला. शाळेने त्याचं नाव चार्ली करून टाकलं होतं. घर सुमारे सहाशे किलोमीटर दूर, हे त्याला माहीत नसावं. रेल्वेचे रूळ धरून गेलं की वडील भेटतील एवढं त्याला माहीत होतं. अंगात पातळ जाकीट. बरोबर काचेची लहान बरणी आणि तिच्यात सात काड्या. आठवड्याने रुळांच्या कडेला तो गोठून मेलेला सापडला. ‘मॅक्लिन्स’ या नियतकालिकात त्याच्यावर लेख आला, तेव्हा अनेक गोऱ्या वाचकांना अशा शाळा आपल्या देशात आहेत हे प्रथम कळलं. ब्राइसच्या अहवालाला तेव्हा साठ वर्षं होत आली होती.

शाळा बंद पडल्या त्या काही सरकारच्या मनात आलं म्हणून नव्हे. १९७० च्या उन्हाळ्यात अल्बर्टात ब्लू क्विल्स शाळेत आईबापांनी ठिय्या दिला आणि शाळा आपल्या ताब्यात घेतली. आज तिथे त्यांचं स्वतःचं विद्यापीठ आहे. १९९० मध्ये मॅनिटोबातले नेते फिल फाँटेन यांनी आपल्यावर शाळेत झालेल्या अत्याचारांबद्दल जाहीरपणे सांगितलं आणि बांध फुटला. हजारो दावे दाखल झाले. न्यायालयात हरण्याची चिन्हं दिसल्यावर सरकारने आणि चर्चनी २००६ मध्ये तडजोडीचा करार केला: पहिल्या वर्षासाठी दहा हजार डॉलर, पुढच्या प्रत्येक वर्षासाठी तीन हजार. जून २००८ मध्ये पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. त्याच करारातून सत्य आणि समेट आयोग निघाला. न्यायमूर्ती मरी सिंक्लेअर, जे स्वतः अनिशिनाबे होते, त्याचे अध्यक्ष. सहा हजारांहून अधिक साक्षी ऐकून २०१५ मध्ये आयोगाने सांगितलं की हा सांस्कृतिक वंशसंहार होता. सुमारे दीड लाख मुलं या शाळांतून गेली. आयोगाला ३,२०० मृत्यूंची नोंद सापडली. नंतरच्या शोधात ती संख्या चार हजारांच्या पुढे गेली. त्या ३,२०० पैकी जवळजवळ एक तृतीयांश मुलांची नावंच लिहिलेली नव्हती. निम्म्यांच्या मृत्यूचं कारण नव्हतं. प्रेत घरी पाठवणं खर्चाचं, म्हणून बहुतेकांना शाळेजवळच पुरलं. लाकडी क्रूस कुजून गेले.

आता ते २१५. कॅम्लूप्सला २०२१ मध्ये जे झालं ते जमिनीखाली लहरी सोडून केलेलं सर्वेक्षण होतं. त्यात कबरी असाव्यात अशा खुणा दिसल्या. पुढे तो आकडा २०० वर आणण्यात आला. सांगाडे काढलेले नाहीत. खोदावं की मुलांना तसंच झोपू द्यावं, हा त्या जमातीचा निर्णय आहे. उतावळ्या मथळ्यांचा तोटा असा झाला की आज काही मंडळी ‘सांगाडे दाखवा’ म्हणत सगळंच थोतांड ठरवायला निघाली आहेत. पण मुलं मेली हे सांगायला सर्वेक्षणाची गरज कधीच नव्हती. ते सरकारच्याच कागदांत १९०७ पासून आहे.

एव्हाना वाचकांच्या मनात आपल्या आश्रमशाळा आल्या असतील. माझ्याही आल्या. सरळ तुलना मी करणार नाही. आपल्याकडे आईबापांकडून मूल हिसकावणारा कायदा नव्हता आणि जमात संपवणं हा उद्देश नव्हता. आश्रमशाळेतून शिकून पुढे आलेले आणि तिथल्या गुरुजींचं नाव कृतज्ञतेने घेणारे कितीतरी लोक आहेत. तरी दोन प्रश्न तसेच उरतात: तिथे दगावलेल्या मुलाची नोंद नेमकी कशी होते, आणि गोंडी, कोरकू, भिली बोलणारं मूल पहिल्या दिवशी वर्गात काय ऐकतं. बोर्डी-कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी शाळाच वारल्यांच्या अंगणात नेली, गुरं चारणाऱ्या पोरांसाठी कुरणात नेली. मॅक्डोनाल्डच्या संसदेतल्या त्या युक्तिवादाच्या नेमकं उलट टोक आपल्याच जिल्ह्यात होतं, हे मला हा विषय वाचताना नव्याने जाणवलं.

भाषेचं काय झालं ते रीटा जो या मिकमाक कवयित्रीच्या ‘आय लॉस्ट माय टॉक’ या छोट्याशा कवितेत आहे. शुबेनाकेडीच्या शाळेत आपली बोली हिरावली गेली, असं त्या सांगतात, आणि सांगतात ते इंग्रजीत. गंमत म्हणजे, गंमत हा शब्द बरोबर नाही, पण बाराव्या वर्षी त्या स्वतःच अर्ज करून त्या शाळेत गेल्या होत्या. आई वारलेली, परक्या घरांतून वाढत होत्या. क्री भाषक नाटककार टॉमसन हायवे यांनी तर आपली निवासी शाळेतली वर्षं आनंदाची होती, पियानो तिथेच भेटला, असं मुलाखतीत सांगितलं आहे. आणि त्यांच्याच कादंबरीत अशा शाळेतल्या अत्याचाराचं वर्णन आहे. ही सगळी माणसं खरं बोलत आहेत. शाळेत इंग्रजी बोलायला मारून शिकवलेल्या आईबापांनी पुढे आपल्या मुलांना मातृभाषा शिकवली नाही, त्यांना मार बसू नये म्हणून. आज आजीकडून नातवाने शब्द गोळा करायचे, अशी धडपड ठिकठिकाणी चालू आहे. नोव्हा स्कोशिया प्रांताने २०२२ मध्ये मिकमाकला आपली पहिली भाषा म्हणून कायद्याने मान्यता दिली.

स्कॉट १९४७ मध्ये वारला. ब्राइस त्याच्या पंधरा वर्षं आधी, १९३२ मध्ये, समुद्रप्रवासात गेला. दोघंही ओटावाच्या बीचवुड दफनभूमीत आहेत. कवीच्या सन्मानार्थ तिथे एक फलक होता. २०१५ मध्ये तो बदलण्यात आला. आता त्यावर कवितेबरोबर निवासी शाळांचाही उल्लेख आहे. त्याच वर्षी ब्राइसच्या नावाचाही एक फलक लावला गेला. शाळकरी मुलांच्या सहली तिथे जातात आणि दोन्ही फलक वाचून परत येतात. माझ्याकडच्या संकलनातल्या कविपरिचयाखाली मी पेन्सिलीने खात्याचं नाव लिहून ठेवलं आहे.